प्लेगचे साल आणि मानमोडीचे साल

आमच्या जुन्या घराण्यांतून ‘प्लेगचे साल’ आणि ‘मानमोडीचे साल’ असे दोन उल्लेख वडीलधाऱ्यांच्या तोंडी येत असत. या दोन्ही साथी आम्ही एकाच माळेत ओवतो. परंतु त्यांच्या प्रसाराच्या वाटा अगदी भिन्न होत्या.

१८९६ साली मुंबईत प्लेग प्रकटला. माणसे, त्यांचे कपडे व घरे यांवाटे तो पसरतो, असे गृहीत धरून १८९७ मध्ये पुण्यात घरोघर झडत्या झाल्या. रोग्यांना इस्पितळात आणि आप्तांना छावणीत नेण्यात आले. पुढे १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरांवरील पिसवांचा दुवा दाखवला. गाठीचा प्लेग मुख्यतः पिसवांच्या दंशाने होतो. फुप्फुसात उतरला तरच तो खोकल्यावाटे दुसऱ्यास लागतो. उंदीर पडू लागताच घर सोडून माळावर झोपडी बांधणारे आमचे पूर्वज नकळत योग्य तेच करीत होते.

१९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएन्झा, मात्र श्वासावाटे पसरली. जूनमध्ये ती मुंबईत दिसली आणि रेल्वेने देशभर गेली. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे तिने नेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. येथे उंदीर मारून भागणारे नव्हते. माणसांनीच परस्परांत अंतर राखणे आवश्यक होते. २०२० मध्ये कोरोनाने हाच धडा आम्हांस पुन्हा गिरवायला लावला.

रोगाची वाट न ओळखता केलेली सक्ती माणसांना दुरावते. रोग मात्र मुक्काम हलवीत नाही.