वजनाचा काटा आणि आपल्या आज्या

"डॉक्टर, मी फार जाड झाले का हो?" जुन्नर-आंबेगावकडच्या साठी ओलांडलेल्या बायका हल्ली हे हमखास विचारतात. काहीजणींनी रात्रीची भाकरी आणि दूध आधीच सोडलेलं असतं. ही काळजी तशी नवीच आहे.

१९७२ च्या दुष्काळात यातल्या बऱ्याचजणी लहान मुली किंवा नव्या सुना होत्या. महाराष्ट्रात लाखो माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. रेशनला परदेशातून आलेला लाल मिलो, कामावर सुकडी. अंग भरलेली सून तेव्हा खात्यापित्या घरची समजली जाई. पुढे माणिकडोह, येडगाव, डिंभे ही धरणं झाली, कालव्यांनी ऊस आणला. जात्याच्या जागी गिरणी आली, डोक्यावरचा हंडा उतरला. कष्ट घटले, चहातली साखर मात्र राहिली.

गंमत म्हणजे १९७२ सालीच अमेरिकेतल्या अँसेल कीज यांनी वजन-उंचीच्या एका जुन्या सूत्राला 'बॉडी मास इंडेक्स' (बीएमआय) हे नाव दिलं. सूत्र बेल्जियमच्या केतले यांचं, १८३२ चं. कीज यांनी ते पारखलं फक्त पुरुषांवर. त्यात एकही आजी नव्हती!

आपल्या मातीतला अभ्यास १९९३ मध्ये सुरू झाला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या ६ गावांतल्या बाळंतिणी आणि बाळं तपासली. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५. पण आपल्या बाळांचे स्नायू जितके कमी, तितकी चरबी कमी नव्हती. म्हणजे दिसायला बारीक, आतून चरबी. म्हणूनच काटकुळ्या माणसालाही आपल्याकडे मधुमेह होतो. २००९ च्या भारतीय निकषांनी बीएमआयची मर्यादा २३ वर आणली आणि बायकांसाठी कंबरेचा घेर ८० सेंमी धरला.

म्हातारपणी तर हा आकडा आणखी फसवतो. उंची १५० सेंमी, वजन ५२ किलो, तर बीएमआय २३.१. मणके दबून उंची १४६ झाली, की तोच २४.४ होतो. वजन तसूभरही वाढलेलं नसतं.

त्यामुळे मी आज्यांच्या पोटाला टेप लावतो आणि हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगतो. न ठरवता ६ ते १२ महिन्यांत ५२ किलोतले अडीच-तीन किलो उतरले, तर खूश होऊ नका, लगेच दाखवा. मधुमेह, क्षय, थायरॉइड, कधी कर्करोगही त्यामागे असतो. दूध, डाळ, अंडी सोडू नका. सोडायचीच तर चहातली साखर सोडा.