सेंद्रिय द्रव्यनिष्कासन, पेयजलातील
पाणी पिण्यायोग्य करताना त्यातील वनस्पती, शैवले व मृदा यांच्यापासून आलेली विरघळलेली किंवा कलिल स्वरूपातील कार्बनी द्रव्ये काढून टाकण्याच्या प्रक्रियांना ही संज्ञा लावतात. ह्यूमिक व फल्व्हिक अम्ले हे या द्रव्यांतील प्रमुख घटक होत. ती स्वतः सहसा अपायकारक नसतात. पाण्यास पिवळसर तपकिरी छटा मात्र आणतात. क्लोरिनाशी त्यांची विक्रिया झाली म्हणजे क्लोरोफॉर्मासारखी ट्रायहॅलोमिथेने तयार होतात आणि प्रश्नाला गंभीर रूप येते.

गढूळ पाणी निवळण्याची कला भारतात प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत निवळीच्या (कतक) बियांचा या कामी उल्लेख आहे. घरोघरी तुरटी फिरविण्याचा प्रघातही जुनाच. यूरोपात १८२९ मध्ये जेम्स सिम्सन यांनी लंडनच्या चेल्सी जलपुरवठा कंपनीसाठी मंद वाळू गाळणी बांधली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सेंद्रिय द्रव्य हेच रोगाचे मूळ समजले जाई व रसायनशास्त्रज्ञ पाण्यातील सेंद्रिय कार्बन व नायट्रोजन मोजून त्याची योग्यता ठरवीत. पुढे जंतुसिद्धांत प्रस्थापित झाला. १८९२ च्या पटकीच्या साथीत हँबर्ग शहर होरपळले, पण त्याच एल्ब नदीचे पाणी वाळूतून गाळून घेणारे शेजारचे आल्टोना बव्हंशी वाचले. साहजिकच लक्ष जंतूंकडे वळले. १९०८ मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटीत क्लोरिनीकरण सुरू झाल्यावर तर रंग व वास यांपलीकडे सेंद्रिय द्रव्यांची फारशी दखल घेतली जाईना. ही उपेक्षा सु. सहा दशके टिकली. १९७४ मध्ये रॉटरडॅम येथील योहानेस रोक यांनी क्लोरिनीकृत पाण्यातील क्लोरोफॉर्माचा उगम नैसर्गिक सेंद्रिय द्रव्यांत असल्याचे दाखविले, तेव्हा ती संपली.

महाराष्ट्रात या विषयाचा विचार गोदाकाठच्या सायखेड्यासारख्या (ता. निफाड, जि. नासिक) गावाच्या संदर्भात केल्यास त्याची निकड ध्यानात येते. हे गाव नासिक शहराच्या खाली व नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्याच्या वर नदीतीरी वसले आहे. शहराचे सांडपाणी, शेतातून वाहून येणारी माती व संथ पात्रात माजणाऱ्या पाणवेली यांचा भार येथील प्रवाहावर पडतो. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही पाणवेल कुजली म्हणजे विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्यात भरच पडते. उन्हाळ्यात वरकरणी नितळ दिसणारे पाणी म्हणूनच निर्धास्तपणे स्वच्छ मानता येत नाही.

नदीपलीकडील चांदोरी हे गाव जलशुद्धीकरणाच्या इतिहासात आगळे आहे. नासिकचे अभियंते जे. एन. कर्डिले यांनी ग्रामीण पाणीपुरवठ्यासाठी कमी खर्चाची जी साधी शुद्धीकरण केंद्रे विकसित केली, त्यांपैकी रामटेक (१९७३), वरणगाव (१९७७) व चांदोरी (१९८०) येथील प्रसिद्ध आहेत. यांत्रिक ढवळण्याऐवजी तुरटी मिसळलेले पाणी खडीच्या थरातून नेऊन कणसंकलन घडविणे आणि नंतर ते दुहेरी थरांच्या गाळणीतून काढणे, ही या केंद्रांमागील मुख्य कल्पना. गाळणीत वाळूवर परदेशी प्रघाताप्रमाणे अँथ्रासाइट कोळसा न घालता नारळाच्या करवंटीचा चुरा घातला जाई. करवंटी वाळूपेक्षा हलकी असल्याने उलट धुलाईनंतरही तिचा थर वरच राहतो. परदेशी साधनांचे अंधानुकरण न करता गावाच्या ऐपतीला साजेसे तंत्र घडविण्याचा हा प्रयत्न निश्चितच मोलाचा होता. तथापि त्याचे लक्ष्य गढूळपणा हे होते, विरघळलेली सेंद्रिय द्रव्ये नव्हे. कच्च्या करवंटीचा चुरा कण अडवितो. विरघळलेले रेणू त्यातून पार जातात. तीच करवंटी जाळून व उच्च तापमानास वाफेने सक्रियित केली, तर तिच्यातील सूक्ष्म रंध्रांत असे रेणू अधिशोषिले जातात. मात्र हा सक्रियित कार्बन काही काळाने निकामी होतो. तो बदलणे वा पुन्हा सक्रियित करणे लहान गावास परवडणे कठीण.

त्यामानाने तुरटीचा काटेकोर वापर सुसाध्य आहे. तुरटीपासून बनणारी धन भारित ॲल्युमिनियम संयुगे ऋण भारित ह्यूमिक रेणूंना निष्प्रभावित करतात व हायड्रॉक्साइडाच्या पुंजक्यांवर ती द्रव्ये चिकटून खाली बसतात. ही क्रिया पीएच मूल्य ५·५ ते ६·५ असताना उत्तम होते. दख्खनच्या काळ्या खडकावरून वाहणारे पाणी बहुधा क्षारधर्मी असल्याने गढूळपणा घालविण्यास पुरणारी मात्रा येथे अपुरी पडते; योग्य मात्रा जार चाचणीनेच ठरवावी लागते. अमेरिकेत १९९८ च्या नियमांनी अशा वर्धित किलाटनाद्वारे, पाण्याच्या प्रकारानुसार, एकूण सेंद्रिय कार्बनाच्या १५ ते ५० टक्के निष्कासन आवश्यक ठरविले. भारतीय मानक १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीत क्लोरोफॉर्माची मर्यादा दर लिटरला ०·२ मिग्रॅ. आहे.

कच्च्या पाण्यातच क्लोरीन घालण्याची पद्धत या दृष्टीने सदोष होय. निवळण व गाळण झाल्यावर क्लोरीन दिल्यास त्याच्याशी विक्रिया करणारी द्रव्ये आधीच घटलेली असतात आणि क्लोरीनही कमी लागतो. उपपदार्थांच्या भीतीने क्लोरिनीकरणच टाळणे मात्र घातक ठरते. पटकी व कावीळ यांचा धोका तत्काळ असतो, तर ट्रायहॅलोमिथेनांचा दीर्घकाळाने संभवणारा. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीच्या पुराचे पाणी सायखेडा व चांदोरी या गावांत शिरले होते. अशा वेळी तुरटीची मात्रा वाढवून, गाळून, मगच पुरेसा क्लोरीन देणे हा क्रम पाळावा लागतो.