सनद जमा केली म्हणजे वकिली बुडाली?

तिवस्याच्या कोर्टापासून अमरावतीच्या जिल्हा न्यायालयापर्यंत बाररूममध्ये एक मत पक्के रुजले आहे : ज्याची फौजदारी वकिली चालत नाही, तो लॉ कॉलेजात फौजदारी कायदा शिकवतो. या मतात तथ्य आहे तेवढे आधी मान्य करू. फितूर साक्षीदाराची उलटतपासणी पुस्तकातून येत नाही. पण म्हणून शिकवणारा हरलेला वकील कसा ठरतो?

शिकवायला जाताना सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, जमा का होते? पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाहीत, हा बार कौन्सिलचा नियम. वकिलाला दिवसाला फार तर तीन तास कायदा शिकवण्याची मुभा आहे. त्याहून अधिक शिकवायचे तर कोर्ट सोडावे लागते. नियमाने सुटलेल्या वकिलीला अपयश म्हणणाऱ्यांनी निदान नियम तरी वाचावा!

आता दाखला. 'देशाचे दुश्मन' पुस्तकावरून झालेल्या खटल्यात 1926 मध्ये पुण्यात अपील लढवून प्रकाशक जेधे आणि लेखक जवळकर यांना सोडवणारे बॅरिस्टर आंबेडकर 1928 मध्ये मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात शिकवू लागले. 1934 मध्ये अश्लीलतेच्या खटल्यात र. धों. कर्वे यांच्या बाजूने ते पुन्हा कोर्टात उभे राहिले आणि 1935 मध्ये त्याच कॉलेजचे प्राचार्य झाले. यात पळ काढणे कुठे दिसते?

खरा पुरावा मात्र आपल्या विदर्भातला आहे. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने दोन्ही आरोपी पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने दोषी धरले आणि 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले : अंगावर जखमा नाहीत, प्रतिकार दिसत नाही, म्हणजे संमती होती. पुनर्विचारासाठी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र कोणी लिहिले? उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी, 1979 मध्ये. निमूट सोसणे म्हणजे संमती नव्हे, हा त्यांचा मुद्दा. निकाल फिरला नाही. पण देशभर महिला संघटना उठल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने 'माझी संमती नव्हती' असे सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरायचे. हे वर्गात शिकवणाऱ्यांचे काम होते, हे मुद्दाम सांगतो.

ते गृहीतक 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 120 मध्ये आहे. बाररूममधल्या कोणत्याही वकिलाने ते उघडून पाहावे आणि मग निकाल द्यावा.