फाळक्यांचे चष्मे

जबलपुरातल्या हिंदी वाचकांसाठी दादासाहेब फाळक्यांविषयीचे मराठी लेखन भाषांतरित करताना एक वाक्य मला वारंवार भेटते: त्यांनी अंधत्वावर मात केली. घटनाक्रम मात्र वेगळे सांगतो. १९१०-११च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिल्यावर फाळके तासन्‌तास चित्रपट पाहत शिकू लागले. या अतिश्रमाने दृष्टी जवळजवळ गेली. ती परत आली डॉ. प्रभाकरांच्या उपचारांनी आणि चष्म्यांनी.

पुढे विम्याची पॉलिसी गहाण ठेवून ते १९१२मध्ये लंडनला गेले. तिथे या परक्या माणसाला ‘बायस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांनी वाट दाखवली, सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहता आला. परतल्यावर कच्च्या फिल्मला अंधारात भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाईही करीत. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला.

आजाराची हकिकत आपल्यापर्यंत आली ती ‘नवयुग’ मासिकातल्या फाळक्यांच्याच लेखांतून, १९१७-१८मध्ये. स्वदेशी चित्रपटधंद्याला लोकांचा आधार मिळावा, म्हणून ते तेव्हा लेखणी झिजवत होते. त्यामुळे डोळ्यांची ही कहाणी मला आर्जवासारखी वाटते: एका माणसाने शरीर झिजवले, आता समाजाने आपला वाटा उचलावा. ‘मात’ हा शब्द तो वाटाच पुसून टाकतो. म्हणून हिंदीत मी ‘विजय’ लिहीत नाही. डॉक्टर, चष्मा, गहाण पडलेली पॉलिसी आणि सरस्वतीबाईंचे हात, एवढे मात्र गाळू देत नाही.