कळपाचा राखणदार

तुर्कस्थानांतील सिवास प्रांतांत कांगाल नांवाचें एक लहानसें गांव आहे. नांव ऐकून मराठी वाचकास हंसूं येईल. पण आमच्या ‘कंगाल’ शब्दाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. त्या गांवावरून ज्याला नांव मिळालें तो कुत्रा मात्र खरोखरच गरिबाच्या घरचा आहे. गव्हाळ अंग, काळें तोंड, पाठीवर वळलेलें शेपूट, आणि वजन ५० ते ६० किलो. राजवाड्यांशीं त्याचें नातें जोडण्याची हौस मात्र अनेकांना आहे.

उस्मानी सुलतानांच्या जानिसारी फौजेंत ‘सेकबान’ नांवाचें एक पथक होतें. ‘सग’ म्हणजे फारसींत कुत्रा. आमच्या दरवान, बागवान या शब्दांतला जो ‘वान’ तोच येथें ‘बान’. म्हणजे हे मूळचे सुलतानाच्या शिकारी कुत्र्यांचे रखवालदार. दांडग्या कुत्र्यांसाठीं सामसोनजींचें वेगळें पथक असे. १८२६ सालीं सुलतान दुसरा महमूद यानें ही सारी फौजच मोडून टाकली. कित्येक लेखक कांगालची वंशावळ या दरबारी कुत्र्यांपर्यंत, किंबहुना निनवे येथील असुरबानिपालाच्या राजवाड्यांतील शिलाचित्रांपर्यंत नेऊन भिडवितात. तीं शिलाचित्रें ख्रिस्तपूर्व सातव्या शतकांतील असून त्यांत दोरीनें धरलेले थोराड कुत्रे दिसतात, हें खरें. पण रूप सारखें दिसलें म्हणजे वंश सिद्ध होत नाहीं. आम्हांस तर ही सोयरीक मेंढपाळाच्या कुत्र्यावर अन्यायच करणारी वाटते. त्याला घडविलें तें लांडग्यानें, हिवाळ्यानें, आणि आपल्या कुत्र्याविषयीं एक ओळहि लिहून न ठेवणाऱ्या धनगरानें.

सिवासचें पठार समुद्रसपाटीपासून १२०० मीटरांहून उंच. हिवाळ्यांत सर्वत्र बर्फ. उन्हाळ्यांत कळप डोंगरकुरणांवर चढतात. अशा मुलखांत रात्रीं लांडगा आला तर धन्याचा हुकूम विचारण्यास वेळ नसतो. म्हणून धनगरानें पिढ्यान् पिढ्या असाच कुत्रा जतन केला कीं, जो आपला आपणच निर्णय करील. दिवसां तो एखाद्या उंचवट्यावर झोंपल्यासारखा पडून असतो. नवख्याला वाटतें, काय आळशी जनावर आहे! संशय येतांच तो उठतो, भुंकतो, कळप व शत्रु यांच्यामध्यें जाऊन उभा राहतो. पुष्कळदां एवढ्यानेंच काम भागतें. लांडगा निघून जातो, आणि कुत्राहि त्याच्या मागें फार दूर धांवत नाहीं. कळप उघडा टाकून धांवणारा कुत्रा धनगराच्या काय कामाचा? झुंज हा शेवटचा उपाय. त्या वेळेसाठीं त्याच्या गळ्यांत अणकुचीदार लोखंडी खिळ्यांचा पट्टा असतो, लांडग्याचे दांत नरडीला लागूं नयेत म्हणून; हिमालयांतील भोटिया कुत्र्यांच्या गळ्यांतहि असा पट्टा दिसतो.

हा स्वभाव निव्वळ रक्तांतून येत नाहीं. पिलूं मेंढवाड्यांतच वाढतें, कोंकरांच्या उबेला निजतें, आणि पहिल्या चार महिन्यांत ज्यांचा वास त्याच्या नाकांत बसला तेच त्याचे आप्त ठरतात. अमेरिकेंतील हॅम्पशायर कॉलेजांतून रेमंड व लॉर्ना कॉपिंजर या दांपत्यानें १९७६ पासून शेतकऱ्यांना असे कुत्रे देऊन हीच गोष्ट शास्त्रीय रीतीनें अभ्यासिली. मेंढ्या हांकणाऱ्या कोली कुत्र्यांत शिकारीची नजर व पाठलाग शाबूत असतो. राखणाऱ्यांत ती हौस जागीच होऊं द्यावयाची नसते. खाणें काय, तर जवाचें पीठ पाण्यांत किंवा ताकांत कालवून केलेलें ‘याल’. पिलूं सावकाश वाढतें, आणि पुरतें शहाणपण यावयास दोन वर्षें लागतात. थोराड जातीचीं पिलें घाईनें चारून फुगविलीं तर त्यांचे सांधे बिघडतात, असें आजचे पशुवैद्यहि सांगतात. उन्हाळ्यांत दया येऊन कोणी कोणी त्याचे केस भादरतात. पण ते दुपदरी केस उन्हालाहि आडोसा करतात, त्यांना कात्री न लावणेंच बरें.

१९७२ सालीं अमेरिकेंत सरकारी रानांत हिंस्र जनावरांना विष घालण्यास बंदी झाली, आणि मेंढ्या वांचविण्याचा दुसरा उपाय शोधणें भाग पडलें. तेव्हांपासून तुर्की कुत्र्याचा परदेशप्रवास वाढला. आफ्रिकेंत नामिबिया देशीं एका चित्तासंरक्षक संस्थेनें १९९४ पासून शेतकऱ्यांना हे कुत्रे देण्यास आरंभ केला. बकऱ्या वांचल्या म्हणजे शेतकरी चित्त्यावर बंदूक उचलीत नाहीं, एवढा साधा हिशेब. आणि तो पुष्कळ अंशीं खरा ठरला. २०२२ सालीं मध्यप्रदेशांतील कुनो येथें जे पहिले आठ चित्ते आले ते याच देशांतून.

इकडे मार्च २०२४ मध्यें भारत सरकारनें २३ जातींचे कुत्रे ‘हिंस्र’ ठरवून त्यांची आयात व विक्री बंद करण्याविषयीं राज्यांना परिपत्रक धाडलें. त्या यादींत कांगाल होता, आणि तुर्कस्थानचाच पांढरा अकबाशहि. पुढच्याच महिन्यांत कर्नाटक व दिल्ली येथील उच्च न्यायालयांनीं तें रद्द केलें. संबंधितांचें म्हणणें ऐकून घेतलें नव्हतें, हा त्यांतला मुख्य दोष. परिपत्रकामागची भीति अगदींच निराधार होती असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. साठ किलोचा, स्वतःच्या बुद्धीनें ठरविणारा कुत्रा तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आणून ठेवला, तर दूधवाला, पाहुणा आणि शेजारचें मूल यांपैकीं लांडगा कोण हें त्यानें कसें ओळखावें? मेंढवाड्यांत रात्रभर भुंकणें हें त्याचें काम असतें. येथें त्याच भुंकण्याबद्दल शेजारी तक्रार करतात, आणि मग त्याला गच्चीवर एकटें बांधून ठेवतात.