पाण्यावरचे फडके

तांब्याच्या हंड्याच्या तोंडावर अंथरलेले पांढरे दुपदरी फडके ज्यांनी रोज पाहिले आहे, अशी पिढी आता आपल्या समाजात थोडी उरली. विहिरीवरून घागर येई, फडके ओले करून हंड्यावर ताणले जाई, आणि पाण्याची धार सावकाश त्यावर धरली जाई. गाळून झाले की आजी ते फडके उलटे करून गाळलेल्याच पाण्याने एका लहान भांड्यात विसळी. ते विसळलेले पाणी म्हणजे जीवाणी. ती पुन्हा त्याच विहिरीत सोडावयास घरातल्या एखाद्या मुलाला पिटाळले जाई. वरून भिरकावयाची नाही. पोहरा पाण्याला टेकला की मगच पालथा करावयाचा, असा दंडक होता. आम्हां मुलांना तो खेळ वाटे.

पुढे मी पाठशाळेत शिकवू लागलो, तेव्हा जलगालनाच्या धड्याला एक आकडा हमखास सांगत असे. कॅप्टन स्कोर्सबी नामक शास्त्रज्ञाने पाण्याच्या एका थेंबात ३६,४५० जीव मोजले, हा तो आकडा. सुज्ञ वाचकांनी तो पुस्तिकांतून, भिंतीवरच्या तक्त्यांतून, कदाचित एखाद्या स्मरणिकेतूनही वाचला असेल. एके दिवशी सातवीतल्या एका मुलीने विचारले, "गुरुजी, ते पाणी कुठल्या विहिरीचे होते?" मला उत्तर देता आले नाही. ते शोधावयास मला बरीच वर्षे लागली.

विल्यम स्कोर्सबी (१७८९ ते १८५७) हा व्हिटबी या इंग्लंडमधील बंदराचा, देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजाचा कप्तान. जीवदयेच्या धड्यात आपण ज्याचा दाखला देतो, त्याचा व्यवसाय हा होता! मात्र तो निव्वळ शिकारी नव्हता. उत्तर ध्रुवाकडचा समुद्र काही पट्ट्यांत निळा न दिसता हिरवट-पिवळा का दिसतो, याचे त्याला कुतूहल होते. १८२२ च्या ग्रीनलंडच्या सफरीत त्याने त्या पाण्याचा एक थेंब बारीक चौकटी आखलेल्या काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. एकेका चौकटीत सरासरी ५० जीव दिसले आणि थेंबाने ५२९ चौकटी व्यापल्या होत्या. गुणाकार आपण स्वतः करून पाहावा. उत्तर २६,४५० येते. ३६,४५० नव्हे. कोठेतरी छापताना वा उतरून घेताना पहिला अंक बदलला आणि पुढे सर्वांनी तसाच गिरविला. त्यात प्रस्तुत लेखकही आला. शिवाय ते पाणी विहिरीचे वा नदीचे नव्हेच. ते खारट, गोठणबिंदूजवळचे, जीवांनी मुद्दाम दाटलेले समुद्रजल होते. कोणत्याही थेंबाला तो आकडा लावणे योग्य नाही.

पाण्यातील सूक्ष्म जीव प्रथम पाहण्याचा मान त्याच्याही दीडशे वर्षे आधीच्या एका गृहस्थाचा आहे. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा अँटनी लेव्हेनहूक हा कापडाचा व्यापारी होता. कापडाचे सूत तपासावयास व्यापारी भिंग वापरीत. त्या भिंगाच्या नादातून याने स्वतःच्या हाताने अतिशय प्रभावी भिंगे घडविली. १६७४ मध्ये त्याने गावाजवळच्या तळ्याचे पाणी पाहिले आणि त्यात हालचाल करणारे चिमुकले जीव त्याच्या दृष्टीस पडले. १६७६ च्या ऑक्टोबरातील पत्रात त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याहूनही बारीक जीवांचे वर्णन लिहून कळविले. कापड पारखणाऱ्या डोळ्यांनी पाण्यातले जीव शोधावेत, या योगायोगाची मला नेहमी मौज वाटते.

आपल्याकडे पाणी वस्त्राने गाळण्याची चाल त्याच्या कितीतरी शतके आधीची. ती केवळ जैनांची नव्हे, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मनुस्मृतीत वस्त्राने गाळलेले पाणी प्यावे असे सांगितले आहे. बौद्ध भिक्षूच्या मोजक्या आठ वस्तूंत गाळणे असे. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळविण्याचे जे सात पदार्थ दिले आहेत, त्यांत निवळीचे बी आहे आणि वस्त्रही आहे. जैन श्रावकाचाराने मात्र त्याचा नियम बांधला. वस्त्र ३६ अंगुळे लांब व २४ अंगुळे रुंद, दाट विणीचे, दुहेरी केलेले असावे. गाळलेले पाणी एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे चालते, पुढे पुन्हा गाळावे. आणि जीवाणी जेथले पाणी तेथेच पोहोचवावी. हा शेवटचा भाग इतरत्र सहसा आढळत नाही. गाळून जे उरते त्याचे काय करावयाचे, हा प्रश्न ज्याला पाण्याशी कर्तव्य आहे त्याला पडत नाही. ज्याला त्या जीवांशी कर्तव्य आहे त्यालाच पडतो.

म्हणूनच, आपल्या पूर्वजांना रोगजंतू ठाऊक होते असे सभांमधून ठासून सांगितले जाते, ते मला पटत नाही. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात निश्चितपणे ओळखला. त्याची जाडी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, लांबी दोन-तीन मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जुन्या मऊ सुती कापडाची चौपदरी घडी केली तरी तिची छिद्रे सुमारे २० मायक्रॉनची राहतात. सुटा जंतू त्यांतून सहज निघून जातो. आजीचे फडके कितीही स्वच्छ असले तरी ते त्याला अडविणार नव्हते.

पण गोष्ट येथे संपत नाही. अमेरिकेतील जीवशास्त्रज्ञ डॉ. रिटा कोलवेल यांच्या ध्यानात असे आले की पटकीचा जंतू तळ्यांत व खाडीत बहुधा एकटा नसतो. तो प्लवकांना, विशेषतः कोपेपॉड नावाच्या कवचधारी सूक्ष्म जीवांना चिकटून राहतो, आणि अशा एकेका जीवावर हजारो जंतू असू शकतात. जंतू फडक्यातून जाईल, पण त्याचे वाहन जाणार नाही. बांगलादेशात तर घरोघरी सरबतातले किडे काढावयास साडीचा पदर वापरतच होते. कोलवेल, अन्वर हक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ ते २००२ या काळात मतलब भागातील ६५ खेड्यांत, सुमारे १ लाख ३३ हजार लोकवस्तीत हा प्रयोग केला. जुनी सुती साडी, किमान चार पदर, घागरीच्या तोंडावर. नवी साडी नव्हे. वारंवार धुतल्याने जुन्या साडीचे सूत पिंजते व छिद्रे लहान होतात. २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साडीने गाळणाऱ्या खेड्यांत पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले होते. पाणी उकळणे अधिक खात्रीचे, हे त्यांनाही मान्य होते. पण जेथे चूल पेटविण्यापुरतेही सरपण जड, तेथे रोज पिण्याचे पाणी कोण उकळणार?

याहून स्पष्ट उदाहरण नारूचे. आपल्या महाराष्ट्रातही हा रोग होता आणि वडीलधाऱ्यांना तो आठवत असेल. पायऱ्यांच्या विहिरीतील, एखाद्या मिलिमीटरच्या सायक्लॉप्स नामक जीवाच्या पोटात नारूची अळी असते. पाण्यावाटे तो जीव माणसाच्या पोटात जातो. सायक्लॉप्स मरतो, अळी आतड्यातून शरीरात शिरते, आणि वर्षभराने हातभर लांबीची, कधी त्याहूनही मोठी मादी बहुधा पायाच्या फोडातून बाहेर पडू लागते. आग शमविण्यासाठी रोगी पाय पाण्यात घालतो आणि त्याच क्षणी ती लाखो अळ्या पाण्यात सोडते. काडीला गुंडाळून रोज थोडी थोडी ओढण्याखेरीज इलाज नव्हता. औषध वा लस आजही नाही. सायक्लॉप्सचा हा वाटा रशियन संशोधक फेडचेंको यांनी १८७० मध्ये तुर्कस्तानच्या प्रदेशात दाखवून दिला. भारतात राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला, तेव्हा १९८४ या एका वर्षात सुमारे ४० हजार रोगी नोंदले गेले. हातपंप बसले, पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त झाल्या, पाण्यात औषध टाकले गेले आणि घरोघरी दुपदरी कापड दिले गेले. शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले.

येथे एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो आणि तो टाळणे मला उचित वाटत नाही. जीवाणी परत विहिरीत सोडली की अळी बाळगणारा सायक्लॉप्सही परत जातो. गाळून पिणारे घर सुरक्षित राहिले, पण त्याच विहिरीचे पाणी तसेच पिणाऱ्या शेजाऱ्याचा धोका तेवढाच राहिला. नारू हटला तो सर्व गाव गाळू लागले तेव्हा, आणि रोग्याचा पाय पाण्याबाहेर ठेवला गेला तेव्हा. दोन्ही भूमिका आपापल्या जागी खऱ्या आहेत. त्यांची सांगड ओढूनताणून घालू नये.

आता घरोघरी नळ आले. नळाच्या तोंडाला दोऱ्याने कापडी पिशवी बांधलेली असते आणि कित्येक घरांत ती आठवडेच्या आठवडे तशीच ओली, शेवाळलेली लोंबत असते. ती सोडून विसळत नाहीत, उन्हात वाळवीत नाहीत. जीवाणीचा तर प्रश्नच नाही, कारण ती कोणत्या धरणात सोडावी हे कोणालाच सांगता येत नाही. ही पिशवी आजीच्या नियमात बसत नाही आणि मतलबच्या प्रयोगातही बसत नाही. तेथील बायकांनाही साडी प्रत्येक वापरानंतर विसळून उन्हात वाळवावयास सांगितले होते. कूपनलिकेतून येणारे क्षार आणि फ्लोराइड तर कोणत्याच कापडाला जुमानत नाहीत. त्यासाठी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेतच न्यावा लागतो.

पाठशाळेच्या भिंतीवरचा तक्ता मागे मी उतरवून घेतला. ३६,४५० खोडून २६,४५० लिहिले आणि खाली लहान अक्षरांत 'ग्रीनलंडजवळचे समुद्राचे पाणी, १८२२' असे जोडले. प्रश्न विचारणारी ती मुलगी आता स्वतः आई झाली आहे. गेल्या चातुर्मासात ती आपल्या मुलाला घेऊन आली, तेव्हा तिने तो तक्ता वाचला आणि मला हसून विचारले, "मग आपल्या विहिरीचा थेंब कोणी मोजला का, गुरुजी?"