लँथॅनाइड मूलद्रव्यांचे इलेक्ट्रॉन संरूपण

लँथॅनाइड मूलद्रव्यांचे इलेक्ट्रॉन संरूपण म्हणजे लँथॅनम (अणुअंक ५७) ते ल्युटेशियम (अणुअंक ७१) या १५ मूलद्रव्यांच्या अणूंतील इलेक्ट्रॉनांची उपकवचनिहाय मांडणी होय. ही मूलद्रव्ये रासायनिकदृष्ट्या एकमेकांशी इतकी मिळतीजुळती आहेत की ती निसर्गात एकत्र आढळतात व वेगळी करणे अवघड जाते. हे साम्य आणि त्यातील मोजके अपवाद या दोहोंचे मूळ इलेक्ट्रॉन संरूपणात आहे.

सर्वसाधारण मांडणी

प्रत्येक लँथॅनाइड अणूतील ५४ इलेक्ट्रॉनांची मांडणी झेनॉन या निष्क्रिय वायूप्रमाणे असते आणि ६एस उपकवचात २ इलेक्ट्रॉन असतात. उरलेले इलेक्ट्रॉन बहुधा ४एफ उपकवचात जातात. म्हणून अणुअंकातून ५६ वजा केल्यास ४एफ इलेक्ट्रॉनांची संख्या मिळते. उदा., निओडिमियममध्ये (अणुअंक ६०) ती ४ असते.

अपवाद

पुढील चार मूलद्रव्यांत एक इलेक्ट्रॉन ५डी उपकवचात असतो.

| मूलद्रव्य | अणुअंक | ४एफ | ५डी | ६एस |
|---|---|---|---|---|
| लँथॅनम | ५७ | ० | १ | २ |
| सिरियम | ५८ | १ | १ | २ |
| गॅडोलिनियम | ६४ | ७ | १ | २ |
| ल्युटेशियम | ७१ | १४ | १ | २ |

श्रेणीच्या आरंभी ४एफ व ५डी यांच्या ऊर्जा जवळजवळ सारख्या असतात. गॅडोलिनियममध्ये अर्धपूर्ण ४एफ उपकवच स्थिर ठरते, तर ल्युटेशियममध्ये ते १४ इलेक्ट्रॉनांनी पूर्ण भरलेले असते.

आयन

लँथॅनाइडे सामान्यतः तीन इलेक्ट्रॉन गमावून +३ आयन बनवतात. ४एफ इलेक्ट्रॉन ५एस व ५पी उपकवचांच्या आड असल्याने बंधनिर्मितीत फारसा भाग घेत नाहीत; त्यामुळे गुणधर्मांत साम्य येते. मात्र हे इलेक्ट्रॉन केंद्रकाचा प्रभार पुरेसा झाकत नाहीत. परिणामी +३ आयनाची त्रिज्या लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंत सुमारे १०३ पिकोमीटरवरून ८६ पिकोमीटरपर्यंत घटते. यास लँथॅनाइड आकुंचन म्हणतात.

सिरियम चार इलेक्ट्रॉन गमावून झेनॉनचे संरूपण मिळवू शकते. युरोपियम दोनच इलेक्ट्रॉन गमावल्यास त्याचे अर्धपूर्ण ४एफ उपकवच टिकून राहते. म्हणून सिरियमची +४ व युरोपियमची +२ ही अवस्थाही आढळते.

खडकांतील परिणाम

रत्नागिरी जिल्ह्यातील केळशीसह कोकण किनारपट्टीचा बराच भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा असून त्यावर ठिकठिकाणी जांभा दगड आढळतो. बेसाल्टमध्ये लँथॅनाइडे अत्यल्प प्रमाणात असतात. वितळलेल्या शिलारसातील +२ युरोपियम हे प्लॅजिओक्लेज खनिजात कॅल्शियमची जागा घेऊ शकते. खडक झिजून जांभा बनत असताना हवेतील ऑक्सिजनमुळे सिरियम +४ अवस्थेत जाते. ही अवस्था पाण्यात फारच कमी विरघळते. त्यामुळे पाण्याबरोबर वाहून जाणाऱ्या शेजारच्या मूलद्रव्यांपासून सिरियम वेगळे पडते. म्हणून या दोन मूलद्रव्यांचे शेजाऱ्यांच्या तुलनेतील प्रमाण मोजून भूवैज्ञानिक खडकाच्या जडणघडणीचा अंदाज बांधतात.